दंतमंजनानं घासलेला ड्रॅगन

बंगळुरात, कोरमंगलातल्या एका पीजीत मी पोरांसाठी पोळ्या लाटतो. शाळेत फार टिकलो नाही. मास्तरांना आणि मला, दोघांनाही बरं वाटलं. लग्नासाठी एक मुलगी बघायला गेलो होतो. चहा देऊन ती आत गेली, ती अजून बाहेर आलेली नाही. त्यामुळे स्वयंपाकघरामागच्या खोलीत मी आणि ड्रॅगन.

ड्रॅगन म्हणजे चीनची जुनी चांदीची नाणी. पहिलं फुटपाथवर दिसलं. ड्रॅगनच्या मिशीत दोनच केस, अगदी माझ्यासारखे. म्हटलं, घेऊ या. खोलीवर आणून फ्रिजचं चुंबक जवळ नेलं, तर ड्रॅगननं उडी मारली. चांदी काही चुंबकाला चिकटत नाही. अशी उड्या मारणारी खोटी नाणी माझ्याकडे डबाभर आहेत.

नाणी जमवणारे लोक दर महिन्याला एका हॉलमध्ये भेटतात. मध्ये टेबल, भोवती खुर्च्या. मी मागे, थर्मासपाशी. बरेच जण मला चहावालाच समजायचे. मीही ओतून द्यायचो, तेवढंच बोलणं. पीजीतली पोरं चांगली आहेत, पण कानात गाणी लावून जेवतात. ‘काका, अजून एक’ एवढंच माझ्या वाट्याला येतं. म्हणून डोक्यात एकच होतं, खरा ड्रॅगन मिळवायचा आणि त्या टेबलाशी बसायचं.

शेवटी एका जुन्या दुकानात मिळाला. काळपट, पण चुंबकाकडे ढुंकून न बघणारा. हॉलवर जायच्या आदल्या दिवशी, आई दिवाळीला देवाची चांदी घासायची तसा दंतमंजनानं घासला. एवढा चमकला की त्यात माझंच तोंड दिसायला लागलं.

टेबलाशी खुर्ची मिळाली. नाणं हातोहात फिरत अण्णांकडे आलं. अण्णा तिथले सगळ्यात म्हातारे, जन्म इथलाच, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये घुसणारे. त्यांनी भिंग लावलं.

“खरं आहे,” ते म्हणाले. “कशानं घासलं?”

“दंतमंजनानं.”

जन्मभर लोकांना हसवत आलोय. तेव्हा एकही माणूस हसला नाही. शंभर वर्षांचा काळपटपणा, ज्याला ही मंडळी जीव लावतात, तो मी मोरीत घालवला होता. कुणीतरी दुसरं नाणं पुढे केलं, सगळ्या माना तिकडे वळल्या. मी उठून थर्मासकडे निघालो.

अण्णांनी बाही धरली. “बसा हो. स्वल्प सबूर करा. हात नाही लावला तर परत काळं पडतं. दर महिन्याला आणा, बघू किती झालं.”

पीजीवर आल्या आल्या नाणं स्वयंपाकघरात शेगडीवरच्या फळीवर ठेवलं. म्हटलं, फोडणीच्या धुरानं लवकर होईल.

पुढच्या महिन्यात गेलो, तर अण्णांनी शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवली होती. भिंग लावून म्हणाले, ड्रॅगन अजून गोराच आहे. मग मी काय जेवतो, गावाला कोण असतं, असलं विचारत बसले. हॉल बंद करायला माणूस आला तरी आमचं चालूच.

खोलीवर आलो, पण नाणं परत फळीवर ठेवलं नाही. फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय, धुरापासून लांब.