पालकातले शिसे

ठाणेदार म्हणून बरेच गुन्हे उघडकीस आणले, पण पालकाच्या एका जुडीपासून सुरू झालेला तपास आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

तेव्हा मी अकोल्याजवळच्या एका ठाण्यात होतो. कापूस परवडेनासा झाला म्हणून नदीकाठची कुटुंबे पालेभाजीकडे वळली होती. त्यांतल्याच एक बाई. अख्खा बाजार त्यांना आपा म्हणे. तपासणीत त्यांच्या पालकात शिसे निघाले आणि बोभाटा झाला, की आपा भाजीवर विषारी पावडर मारतात. जमाव ठाण्यावर आला. बाईला अटक करा, वाफ्यांवर नांगर फिरवा, ही मागणी. मी आपांना बोलावून घेतले. त्या रडल्या नाहीत.

"माह्या घरी बी हाच पालक शिजते, साहेब," त्या म्हणाल्या. "पाणी पाहा. मले काय पाहून राहिले?"

मी पाणी पाहिले. काठाकाठाने वर गेलो, तर एका शेडमधून नाला नदीत उतरत होता. आत ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढत. पंचांसमक्ष नमुने घेतले. नाल्याच्या खाली शिसेच शिसे, वरचे पाणी स्वच्छ. शेडचा मालक गावातला वजनदार माणूस, शेतीही मोठी. मजुरांनी परस्पर नाला काढला असेल, आपल्याला कल्पनाच नाही, असे तो शांतपणे म्हणाला. त्याला कल्पना होती हे सिद्ध झाले नसते, तर दोन मजूर आत गेले असते आणि शेड पुन्हा सुरू झाली असती.

चौकशीत मी गुन्ह्यापासून सुरुवात करत नसे. माणूस अभिमानाच्या गोष्टीवर बोलू लागला की त्याचा सावधपणा सुटतो. पोळा नुकताच झाला होता. चहा मागवला आणि बैलांचा विषय काढला. गडी खुलला. जोडी कुठून आणली, झुली कशा शिवल्या, तोरणाखाली पहिला मान कसा मिळाला, सांगत सुटला. पोळ्याला सारे गाव घाटावर बैल धुते, आणि तो घाट याच्या शेडला लागूनच, नाल्याच्या खाली. तुम्ही कुठे धुतले, मी सहज विचारले. वरच्या बंधाऱ्यावर, तो म्हणाला, आणि थबकला.

आमचे हवालदार अचलपूरकडचे, शेतकऱ्याघरचे. ते दारातूनच म्हणाले, "काहून शेठ? बैलायले वरचं पाणी अन् मानसायले खालचं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मांगच्या साली एक बैल तिथं पाणी पेला अन् गेला."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. म्हणून लगेच त्याच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, जबाब घेतला, जनावरांच्या डॉक्टरांचाही. बैल शिशाने मेला, हे डॉक्टरांनी मालकाला तोंडावर सांगितले होते. खटला उभा राहिला, टिकला, त्याला शिक्षा झाली. शेडला सील लागले. बंधाऱ्याच्या वर मक्त्याने जमीन घेऊन आपा पुन्हा बाजारात बसल्या, तेव्हा ठाण्यावर ओरडत आलेलेच पहिले गिऱ्हाईक झाले. आपांनी त्यांना भावात एक पैसा सोडला नाही. मला ते फार आवडले.

विष ओतणारा अडाणी असतो हा समज त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला. त्याला सगळे ठाऊक असते, फक्त दुसऱ्याची लेकरे त्याच्या लेखी नसतात. आणि कायदा आधी टोपलीवालीच्या दारात जातो, कारण तिचे दार जवळ असते. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगत आलो: नदी वरून खाली वाहते, तपास खालून वर न्या.