बेअरिंगचे छर्रे आणि तिसरा सूर

मंडळी, आज मी हातोडी उचलली होती, पण फोडलं काही नाही. आधी तेच सांगतो.

स्वीडनच्या त्या बँडचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लोकगीतासारखी साधी धून, आणि ती वाजवणारं भलंमोठं लाकडी यंत्र. हँडल फिरवलं की लोखंडी गोळ्या पडतात आणि सूर निघतात. माझी मैत्रीण सायली त्या बँडसाठी वेडी आहे. ती इथेच आखातात, अल ऐनला शिकते. महिन्यापूर्वी भांडणात म्हणाली, "कॉलेजही तू अर्ध्यात सोडलंस. एक गोष्ट पूर्ण करून दाखव, मगच माझ्याशी बोल."

मी रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तसलंच छोटं यंत्र बनवायला घेतलं. मंदीत बंद पडलेल्या साइटवरचे पाइप, बेअरिंगचे छर्रे आणि आठ सुरांसाठी लोखंडाच्या आठ पट्ट्या. आज रेकॉर्डिंग करायला बसलो, तर तिसऱ्या सुरावर छर्रे अडकले. पाच वेळा! डोकं फिरलं, हातोडी उचलली.

मागून फोरमन चाचा ओरडले, "यल्ला, नीचे रख! छर्रे इतने चिपचिपे क्यों हैं?"

"ग्रीस लगाया, चाचा. बेअरिंग में लगाते हैं ना."

"हबीबी, तूने तो लड्डू बना दिए! इनको तो लुढ़कना है!"

रॉकेलने सगळं पुसून कोरडं केलं, हँडल फिरवलं आणि अख्खी धून वाजली.

सायलीला रेकॉर्डिंग पाठवलं. अर्धा तास जीव टांगणीला. मग उत्तर आलं, "शेवटपर्यंत ऐकलं. आता बोल."

महिनाभरानंतर आज पोटभर जेवलो. पण महिनाभर जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवत नाहीये. तुम्हीच सांगा, सुरुवात कशी करू?