चालू माग आणि अर्धी गोणी कांदे

आमच्या घराचा टॅक्स एका वर्षी एकदम चौपट आला आणि त्याला जबाबदार माझी आई होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिचं एवढं कौतुक करणार आहे की ही गोष्ट राहून जाईल.

घर आमचं नागपूरच्या जुन्या विणकर वस्तीत. समोरच्या खोलीत बाबांचा खड्डा माग. जमिनीत कंबरभर खोल खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो आणि माग त्याच्या पुढ्यात. बाबा त्यावर पातळं विणत आणि आई त्यांना सूत गुंडाळून द्यायची. मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुताची ताकद तपासते. म्हणजे काम घराण्याचंच, फक्त मला न्यायला बस येते.

आमच्या घरात 'माग बंद आहे' असं म्हणायची पद्धत नाही. दुकानदार दुकान बंद केलं न म्हणता वाढवलं म्हणतो, आपण निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसंच हे. सूत संपलं असो, सण असो, विणणारा तापानं फणफणलेला असो, कुणी विचारलं की उत्तर एकच, चालू आहे. बाबा गेले. शेवटचं पातळ त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलं होतं, त्यानंतर मागावर धागा चढला नाही. तरी आई विचारणाऱ्याला सांगायची, चालू आहे. त्यात कुणाला खोटं वाटत नसे. वस्तीतल्या सगळ्यांना अर्थ कळत होता.

टॅब घेऊन आलेल्या बाईंना तो कळायचं काही कारण नव्हतं. टॅक्ससाठी महापालिकेची घरांची नवी मोजणी निघाली होती. मी ड्युटीवर होते. शेजारीपाजारी पत्र्याच्या वाढीव खोल्यांवर ताडपत्र्या टाकून बसले होते आणि आमच्या मातोश्रींनी त्या बाईंना चहा पाजून न्हाणीपासून गच्चीच्या जिन्यापर्यंत सगळं स्वतः दाखवलं. बाईंनी विचारलं, माग चालू आहे का? आई म्हणाली, चालू आहे. कधीपासून? आई म्हणाली, माझ्या सासऱ्यांपासून.

बिल आलं तेव्हा समोरच्या खोलीपुढे 'व्यावसायिक वापर' लागलेला. मी दारातूनच ओरडत आत गेले.

"काहून सांगितलं वं असं?"

"मंग काय सांगू? नाही म्हणू?"

"बंदच आहे ना!"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या थोबाडीत मारली होती. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र भरून ठेवत होती.

झोन ऑफिसातला क्लार्क भला होता. म्हणाला, यात काही कठीण नाही मॅडम, माग कायमचा बंद आहे असं घरमालकाच्या सहीनं लिहून द्या, बिल दुरुस्त होईल. घर आईच्या नावावर. मी अर्ज टाइप करून आणला. आईनं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"हे मी नाही देत."

"मग मी करते तुझी सही."

"कर. पण तुह्या घरात कर. माह्या घरात नोको करू."

मी चिडकी आहे, हे एव्हाना कळलं असेल. मी तिला अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, बाबांच्या आजारपणातलं धंतोलीच्या दवाखान्याचं कर्ज अजून फिटायचं आहे याची आठवण करून दिली. ती आठवण तिला करून द्यायची काहीच गरज नव्हती. जेवढं जमलं तेवढं भरलं, उरलेलं तुंबत गेलं आणि त्यावर शास्ती चढत गेली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी दारावर जप्तीची नोटीस चिकटली.

हे सगळं कुणाच्या वाट्याला यावं, तर माझ्या आईच्या. गल्लीत सगळ्यात आधी टॅक्स भरणारी ती. एप्रिल लागला की डोक्यावर पदर घेऊन उन्हातून झोन ऑफिसात जायची आणि पावती मिरवत परत यायची. लोक टॅक्सला शिव्या देऊ लागले की ती म्हणायची, नळाले पाणी येते, सकाळी झाडायले बाई येते, नालीत औषध मारतात, ते का आभाळातून पडते? माझा जन्म महापालिकेच्या दवाखान्यातला. मी शाळेत कमी मार्क आणले की ती सुनवायची, "साऱ्या शहराच्या टॅक्सात झाली वं तू, जरा तरी कामाची निघ." लहानपणी मला याचा भयंकर राग येई. आता कुणी विचारलं तर मी स्वतःहून सांगते.

तर आता सरळ दोनच गोष्टी होत्या. आईनं तो शब्द लिहून द्यायचा, नाहीतर घर जायचं.

एका दुपारी मी लवकर घरी आले. आई खड्ड्याच्या काठावर बसली होती, बाबा बसायचे तिथंच. तिची पाठ माझ्याकडे होती. ती पुटपुटत होती, माग... माग... आणि थांबत होती. पुन्हा सुरुवात करत होती, पुन्हा थांबत होती. ती सराव करत होती. माझ्यासाठी, घरासाठी, त्या एका शब्दाचा सराव करत होती आणि तो तिच्या तोंडून निघत नव्हता.

मी पायऱ्या उतरून गल्लीत परत गेले आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीजवळ उभी राहून रडले. इतके दिवस मी तिच्याकडे एक सही मागत नव्हते. बाबा आता परत येणार नाहीत, हे मी तिच्याकडून लेखी मागत होते.

दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज केला. त्यात चालू नाही, बंद नाही. एवढंच लिहिलं की कृपया प्रत्यक्ष येऊन जागा पाहावी. त्यावर आईनं लगेच सही केली.

मे महिन्याच्या भर दुपारी कर निरीक्षक आले. रिटायरमेंटला आलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात फाइल. आईनं आधी पाणी दिलं. त्यांनी गडवा एका दमात संपवला आणि पुन्हा मागितलं. मग फाइल उघडून म्हणाले, "हं, तर माग चालू आहे का बंद?"

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची नजर आईकडे गेली. मला हातानं थांबवत ते म्हणाले, "ताई, तुम्ही राहू द्या." त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली.

मग ते म्हणाले, "मावशी, पाणी लय थंड आहे. माठ कुठं ठेवता?"

"खड्ड्यात," आई म्हणाली. "तिथं गार राह्यते."

"पाहू का?"

चपला काढून ते खड्ड्यात उतरले. या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या उकाड्यात. खालूनच एकेक विचारू लागले. हे कांदे का मावशी? कुठून आणले? ही बरणी लोणच्याची? या गोधड्या? आई वाकून सांगू लागली. तिचा आवाज मोकळा झाला. लोणचं कसं घातलं तेही सांगितलं. त्यांनी मागावर हात फिरवला, एकही धागा नाही हे पाहिलं आणि त्याबद्दल अक्षरही विचारलं नाही.

वर येऊन त्यांनी पंचनामा लिहिला आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवला. समोरच्या खोलीत लाकडी माग आहे. मागाच्या खड्ड्यात पाण्याचा माठ एक, लोणच्याची बरणी एक, गोधड्या चार, कांद्याची गोणी एक. मागावर सूत आढळले नाही. खोलीचा वापर घरगुती.

"यात काही खोटं आहे का मावशी?"

आईनं विचार केला. "गोणी पूर्ण नाही भाऊ. अर्धी आहे."

त्यांनी 'अर्धी' असं लिहिलं, शेजारी आपली सही ठोकली आणि आईची घेतली. मी दारापर्यंत सोडायला गेले. ते दुपट्टा बांधत म्हणाले, "आमची माय घरात तांदूळ संपले असं कधी म्हणे नाही. आणा लागते, म्हणे. मले माहीत आहे ना ताई." आणि उन्हात निघून गेले.

बिल दुरुस्त झालं. जास्तीचं रद्द झालं, आमचं म्हणून जे होतं ते आम्ही हप्त्यानं भरलं. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते. त्यांना फक्त एक चौकट भरायची होती, ती उभ्या उभ्या भरता आली असती. माझ्या आईला एक शब्द बोलावा लागू नये म्हणून ते खड्ड्यात उतरले. माझ्या टॅक्समधून ज्यांचा पगार होतो अशा माणसांविषयी कुणी वाकडं बोललं की मला ते गुडघे आठवतात आणि मी भांडायला उठते.

आई गेल्या दिवाळीनंतर गेली. शेवटच्या एप्रिलमध्ये ती मला घेऊन झोन ऑफिसात आली होती. मी मोबाइलवरून भरते म्हटलं तर म्हणाली, हातात पावती पाह्यजे.

परवा घर माझ्या नावावर करायला त्याच खिडकीवर गेले. तिथं आता नवी क्लार्क मुलगी आहे. तिनं कागद तपासले, आईच्या मृत्यूचा दाखला उलटा करून पाहिला, आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "घरात माग दिसून राहिला रेकॉर्डवर. चालू आहे का बंद?"

मी आईशी दोन वर्षं भांडलेली बाई. सगळं शहाणपण माझ्याजवळ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चालू आहे."

मुलीनं की-बोर्डवर हात ठेवला. मी घाईघाईनं खिडकीतून आत वाकले.

"थांबा मॅडम, टाइप नका करू. जुना पंचनामा काढा. कांदे ठेवतो आम्ही खड्ड्यात."