गुरुवारी ठरलेला मृत्यू

अण्णा चौदा महिने बेशुद्ध होते. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात, मध्ये जेवणाची सुट्टी. एका धनाढ्य घराण्याच्या मालिकेत ते सासरे होते. एकशे बाराव्या भागात जिन्यावरून पडले. मृत्युपत्र कुठे ठेवलंय हे फक्त त्यांनाच ठाऊक असल्यामुळे तेव्हापासून त्यांना ना मरता येत होतं, ना उठता. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते आता बँकेच्या पासबुकापुरतं उरलं होतं. सेटवर, गल्लीत, भाजीवाल्याकडे सगळीकडे ते अण्णाच.

नुसतं पडून राहण्यात कसला आलाय अभिनय, असं ज्यांना वाटतं त्यांनी घरी दहा मिनिटं प्रयत्न करावा. श्वास छातीने नाही, पोटाने घ्यायचा, आणि तोही कॅमेरा सुनेकडे वळल्यावर. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरतात आणि जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ती दिसतात. म्हणून डोळे मिटून हनुवटीकडे बघत राहायचं. नाकावर माशी बसली तर ती कथेतलीच आहे असं समजायचं. हे सगळं अण्णा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कुणी न शिकवता शिकले. तरुणपणी नाट्यशाळेत तीन वर्षं त्यांनी आवाज, चाल आणि तलवार शिकून घेतली होती. निरोपाच्या दिवशी तिथले गुरुजी म्हणाले होते, "सगळं येतं तुला, फक्त स्वस्थ बसणं येत नाही." मधली तीस वर्षं तिसरा हवालदार, वकिलाचा कारकून आणि दार उघडून 'साहेब घरी नाहीत' असं सांगणारा गडी, यांत गेली.

नाट्यशाळेतला त्यांचा जोडीदार आता नाटकं बसवत असे. एका रविवारी तो घरी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "एक निवृत्त मास्तर, रिकामा वर्ग, समोर एकही पोर नाही. दुसऱ्या अंकात बावीस मिनिटं एकटा बोलतो. करतोस?"

"मी?"

"नाही, तुझी सलाइनची बाटली. अरे, तुझ्यासाठीच थांबलोय. एक तारखेपासून तालीम, दिवसभर. तोवर सुटून ये. दोन तारखेला मी दुसऱ्याला विचारणार, मग रुसायचं नाही."

करारात लिहिलं होतं की कथेची गरज संपेपर्यंत नटाला जाता येणार नाही. कथेची गरज दुसऱ्या मजल्यावर, कुलर नसलेल्या खोलीत बसत असे. लेखक अण्णांच्या मुलीच्या वयाचा होता आणि त्यांना फार मानायचा.

"अण्णा, तुम्हाला शुद्धीवर आणलं तर तुम्ही खरं बोलणार. मग मालिका कशावर चालवू?"

"मग मारून टाक."

"मारलं तर सून कुणाच्या उशाशी रडणार?"

"निदान दुसरा माणूस झोपव. मधे अख्खी सून बदललीत, कुणाला पत्ता लागला नाही."

"सून हलते हो. तुम्ही हलत नाही, त्यामुळे लोक तुम्हाला नीट बघतात."

आपण आपलं काम जरा जास्तच चांगलं शिकलो, एवढं अण्णांच्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात मालिकेचे प्रेक्षक घटले आणि वाहिनीला धक्कादायक काहीतरी हवंसं झालं. लेखक धावत खाली आला. "अण्णा, अभिनंदन. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी मारतोय तुम्हाला."

घरी बायकोने दोनदा विचारून घेतलं. "नक्की मरताय ना? मागच्या वेळेसारखं ऐन वेळी वाचायला नको."

"गुरुवारी. दुपारच्या आत."

"मग शुक्रवारी केस कापून घ्या. मास्तरांसारखं दिसा जरा."

पाठांतराला अण्णांना कधी नव्हे इतका निवांतपणा मिळाला. दिवसाचे आठ तास डोळे मिटून पडायला मिळणारा नट विरळाच. आजूबाजूला घराणं भांडत असे, सलाइनच्या बाटलीतलं साधं पाणी थेंब थेंब नळीत उतरत असे, आणि अण्णा मनातल्या मनात रिकाम्या वर्गाची हजेरी घेत असत. संध्याकाळी बायको वही धरून बसे.

"शेवटच्या बाकावरचा तू, उभा राहा," अण्णा म्हणत, आणि 'तू'ला त्यांची उजवी तर्जनी वर जाई.

"दर वेळी बोट कशाला?"

"त्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. शब्द हातात बसलाय."

"बसू दे बापडा," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी बसायला जागा मिळालीय त्याला."

बुधवारी सुनेचा निरोपाचा प्रसंग होता. तिने अण्णांच्या उशाशी चार मिनिटं रडायचं, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी जायचं. सून चांगली रडत होती. अण्णा दुसऱ्या अंकात होते. भाषण कधी नव्हे इतकं वाहत होतं. बाकं दिसत होती, खडूचा वास येत होता. शेवटच्या बाकापाशी ते कधी पोचले ते त्यांनाही कळलं नाही.

सून किंचाळली. ते संहितेत नव्हतं.

अण्णांनी डोळे उघडले. त्यांची उजवी तर्जनी चादरीवर चांगली चार बोटं उंच उभी होती. दिग्दर्शक मॉनिटरच्या पडद्यापासून उठून खाटेपाशी आला.

"चुकलं माझं," अण्णा घाईने म्हणाले. "परत घ्या. आत्ता घ्या."

"परत? अण्णा, माझ्या अंगावर काटा आला."

"अहो, ते या मालिकेतलं नव्हतं."

"तेच तर. या मालिकेत इतकं चांगलं काय असतं?"

मेकअपवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. तीस वर्षांत अण्णांना सेटवर टाळी पडली नव्हती. दिग्दर्शकाने तो तुकडा जेवणाच्या सुट्टीत वाहिनीकडे पाठवला, आणि चार वाजता लेखक खाली आला. या वेळी तो धावत नव्हता.

"त्यांना बोट फार आवडलं," तो खाली बघत म्हणाला. "रोज एकदा हवं म्हणतात. वर्षभर तरी."

"गुरुवारचं काय?"

"गुरुवारी डॉक्टर येतील आणि म्हणतील, आशा आहे."

दोन तारखेला जोडीदाराचा फोन आला. त्याने दोष दिला नाही, त्यामुळे बोलणं लवकर संपलं. नवा मास्तर ठरला होता. चांगला होता, असं अण्णांनीच दोनदा म्हटलं. बायकोने वही कपाटात ठेवली आणि केस कापायचा विषय काढला नाही.

सेटवर बोट पुन्हा उचलायचं ठरलं तेव्हा ते उचलेना. उचललं तर उचलल्यासारखं दिसे. अकरा वेळा घेतलं. दिग्दर्शक कधी नव्हे तो गोड आवाजात म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी काय केलं होतंत, तेच करा ना."

अण्णांनी डोळे मिटले आणि रिकाम्या वर्गात पहिल्या बाकापासून हजेरी सुरू केली. शेवटच्या बाकाला बोट वर गेलं. सून रडली. शॉट मंजूर झाला.

पण बावीस मिनिटांचं भाषण तिथे, तिसऱ्या मिनिटाला, संपत नव्हतं. पुढे मास्तर डावा हात टेबलावर आपटतात, मग दाराकडे दाखवतात, आणि अर्ध्यात थांबणं अण्णांना कधी शिकवलं गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डावा हात चादरीखाली हलला आणि शॉट बाद झाला. तेव्हा अण्णांनीच वॉर्डबॉयचं काम करणाऱ्या नटाला जवळ बोलावलं.

"हा हात खाटेला बांध. चादरीखाली, दिसायचा नाही असा."

"घट्ट बांधू?"

"बांध," अण्णा म्हणाले. "आणखी एकोणीस मिनिटं आहेत."