प्रायमी म्हणजे पहिलटकरीण

गुणाबाई अंबाडी नाक्यावरच्या एका प्रसूतिगृहात आया होती. लादी पुसा, कपडे धुवा, पोरं न्हाऊ घाला, सगळं तिच्याच गळ्यात. वर मृणाली डॉक्टरांनी तिला लॅटिनही शिकवलं. ग्रॅव्हिडा म्हणजे पोट किती वेळा राहिलं, पॅरा म्हणजे बाळंतपणं किती, प्रायमी म्हणजे पहिलटकरीण. इंग्रजीत सरसकट प्रेग्नंट. ग्रॅव्हिडाचा मूळ अर्थ 'जड', हे ऐकून ती म्हणाली, "पॉवरलूमवाल्या हिंदी बाया पाँव भारी म्हनतात, तेच ना?"

शब्द सोपे होते, आधीची बाळंतपणं विचारणं अवघड. आमच्याकडे पोटुशी बाई गेलेल्या लेकराचं नाव काढत नाही. पोटातल्याला बाधतं म्हणतात. म्हणून गुणाबाई आधी सासूला चहा आणायला पिटाळायची, मग सुनेला हळूच विचारायची.

त्या दिवशी तिची डबल ड्युटी होती. पाय सुजले होते, अंगात त्राण नव्हतं. देवकी कळा देत आली, सोबत सासू धोंडूबाई.

"पयलटकरीन हाय," धोंडूबाई म्हणाली. तिला बाहेर काढायचाही गुणाबाईला कंटाळा आला. तिने ठाण्याला गेलेल्या डॉक्टरांना फोन केला, "प्रायमी हाय."

"मग वेळ आहे. काम उरकून निघते," डॉक्टर म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेत कशेळीला ट्रकांच्या रांगेत अडकल्या.

पण देवकी पहिलटकरीण नव्हतीच, आणि दुसरं बाळंतपण कुणासाठी थांबत नाही. मुलगा गुणाबाईच्या हातात आला, रडला. देवकीचं रक्त मात्र थांबेना. नर्सने डॉक्टरांना फोनवर विचारून इंजेक्शन दिलं. गुणाबाई पोट चोळत राहिली, हात बधिर झाले तरी. डॉक्टर पोहोचल्या तेव्हा कुठे रक्त आटोक्यात येत होतं. देवकी वाचली. मला असल्या रीतींचा संताप येतो, पण ओरडायचं कुणावर?

सकाळी गुणाबाईने फक्त विचारलं, "का न्हाय सांगितलं?"

"पोट भरलेलं होतं," धोंडूबाई म्हणाली. "मेलेलीचं नाव कसं काढायचं? सहा महिन्यांची होऊन गेली."

गुणाबाईने लादी पुसायचं फडकं उचललं. भांडायला ताकद लागते.

खाटेवरून देवकीचा बारीक आवाज आला. "आये, आता पोट रिकामं झालं. आता काढू का तिचं नाव?"

धोंडूबाईने पदर तोंडाला लावला.

"पूर्वा," तीच म्हणाली.