हिरवी वायर

घरगुती पीठगिरणी आणली, तेव्हा केजच्या घरातलं दोन पिनांचं सॉकेट काढून त्याच बॉक्समध्ये तीन पिनांचं बसवायचं होतं. वायरमनने बॉक्स उघडला आणि म्हणाला, "ताई, अर्थिंग न्हाई हितं."

मला वाटलं, हा उगाच काम वाढवतोय. "ती हिरवी वायर काय मग?"

"अर्थिंग असंल तर बल्ब पेटंल," म्हणत त्याने फेज आणि हिरव्या वायरला बल्ब जोडला. पेटला नाही. मी घरातला दुसरा बल्ब आणून दिला. तोही पेटला नाही. शेवटी मीटरजवळ पाहिलं, तर हिरव्या वायरचं टोक नुसतंच लोंबत होतं.

हे फिटिंग माझ्या दिराने केलं होतं. मी वायरमनकडून उरलेली सगळी सॉकेटं तेव्हाच उघडून घेतली.