मोहितचा जांभा

उदयसिंह सर मोहितला ‘मोहितराव’ म्हणाले, आनि कृष्णातच्या हातातला ब्रश जिथल्या तिथं थांबला.

राव! काल आलेलं पोरगं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, पायात पांढरेफेक बूट, घरात थ्रीडी प्रिंटर. आनि कृष्णात सहा वर्षं सरांच्या माडीवर राबतूय, त्याला काय? ‘बरं झालंय.’ लईच खूश झाले तर ‘बरं झालंय रे.’

कृष्णात गडमुडशिंगीचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हंजे त्यानंच सोडली, एका जागी बूड टिकत न्हाय म्हणून. आख्ख्या शाळेनं त्याला ओवाळून टाकला, पर इतिहासाचे उदयसिंह सर घरला आले. उपदेश न्हाय, काय न्हाय. त्याच्या आईच्या, बायडाबाईच्या हातचा चहा प्याले आनि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. आमच्या माडीवर ये, काम आहे." तवापासनं गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायच्या, आनि सवड घावली की सरांची माडी. सरांबद्दल कोण वाकडं बोललं तर कृष्णात त्याची गचांडी धरायचा. एकदा धरलीबी हुती.

माडीवर काय? लढाया. सहा बाय चारचं टेबल, त्यावर डोंगर, खिंडी, वाड्या, आनि बोटाच्या पेरायेवढे मावळे. दोन बाजूंनी माणसं बसायची, फासे टाकायची, पट्टीनं मोजून फौज पुढं सरकवायची. खेळच तो, पर खरी झालेली लढाई घेऊन खेळायचा. फौज सरांची, मुलूख कृष्णातचा. थर्माकोल तापल्या तारेनं कापून कडे काढायचे, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती, काथ्याचं गवत. बायडाबाईनं चुकून चोथा टाकला तर घरात भांडान.

आता ह्या रविवारी पन्हाळ्यावर हॉल घेतलेला. पुण्याची पावणं येणार, वेढ्याची लढाई खेळणार. सर वर्षभर ह्याच्याच मागं हुते. आनि मोहितनं प्रिंटरवर गडाचा दरवाजा काढून आणला. चिरा न् चिरा दिसत हुता. कृष्णातनं तो हातात घेतला, उलटा केला, चूक हुडकली. घावली न्हाय.

"प्लॅस्टिक हाय," तो म्हणाला.

"रेझिन आहे, दादा," मोहित म्हणाला.

"त्येच की."

गुरुवारी दुपारी सर शाळेत. पन्हाळ्याच्या डोंगराच्या पुढच्या अंगाला कृष्णातनं फेविकॉल आनि डिस्टेंपरचे दोन हात दिलेले, मागचं अंग कोरं हुतं. कोऱ्या थर्माकोलवर डब्यातला स्प्रे मारला की तो थर्माकोल खातो. मखर करणाऱ्या शेंबड्या पोराला बी ह्ये ठावं. पर मोहितचं सगळं काम त्या रेझिनवर, त्याला कुठनं म्हाईत?

कृष्णात गॅलरीत ब्रश धूत हुता. आतनं हाक आली, "दादा, मागच्या बाजूला काळ्या स्प्रेचा बेस मारून घेऊ?"

नळाची धार चालू हुती. ‘थांब’ यवढा एक शब्द बास हुता.

"मार की," कृष्णात म्हणाला.

आत फुस्स आवाज झाला. मंग मोहित वरडला, "दादा! दादा, हे काय होतंय?"

कृष्णात सावकाश हात पुसत आत गेला. डोंगराच्या मागच्या अंगाची चाळण झालेली. मोहितचं तोंड उतरलेलं. आनि खोटं कशाला बोला, कृष्णातला लई बरं वाटलं.

तेवढ्यात सर आले. मोहित रडकुंडीला. "सर, माझ्याकडून..."

सरांनी हातानंच त्याला गप केला. चष्मा लावला, वाकले, भोकांवरनं बोट फिरवलं. "अरे, हा तर जांभा! पन्हाळ्याचा दगड असाच की, भोकाभोकांचा. ह्याच्यावर तांबडा रंग ओढला की विषय संपला. चुकून जमलं म्हणायचं मोहितराव, पण जमलं!"

परत राव! कृष्णातनं खड्डा खणला, आनि ह्या गड्याला त्यात हंडा घावला.

सरांनी कौतुकानं दरवाजा डोंगरावर ठेवला. आतनं बारीक कुरकुर आली. ती एकट्या कृष्णातलाच कळली. वरची साल तेवढी राहिलीया, आत पोकळ. टेम्पोत दोन गचके बसले की भर हॉलात डोंगर बसणार, आनि मोहितचा दरवाजा तोंडावर आपटणार. आपटू दे. "येतू सर," म्हणून तो जिना उतरला, गाडीला किक मारली.

कोपऱ्यापतुर गेला आसंल. डोळ्यांपुढं हॉल आला. डोंगर बसलाय, पावणं हसाय लागल्यात. पर मोहितला तिथं वळखतंय कोण? हसतील ते सरांस्नी.

गाडी वळवली. जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला.

"सर, पोकळ हाय त्यो. रविवारपतुर टिकायचा न्हाय." त्यानं दम घेतला. "आनि मला ठावं हुतं. ह्यानं इचारलं तवा मीच म्हटलं, मार की."

सरांनी चष्मा काढला.

"नववीत शाळा सोडलीस, तेव्हा मला राग आला नव्हता," ते म्हणाले. "आज आला."

त्यापरास थोबाडीत मारली आसती तर परवडली आसती.

"मग? आता काय करायचं ह्याचं?"

"पातळ प्लास्टर कालवून एकेका भोकातनं आत सोडाय लागंल. पोकळी भरंल, वरची भोकं तशीच राहतील. भरतू मी."

"दोघं भरा."

शुक्रवारी कारखान्याला दांडी मारून कृष्णात मोहितशेजारी बसला. दोघांच्या हातात बिनसुईच्या सिरिंजा. तासभर प्लास्टर सोडलं. मंग मोहित म्हणाला, "दादा, अजून काय काय सांगितलं नाहीस मला?"

"लई हाय. सरळ धर, गळालंय."

सांगितलं मंग त्यानं. निम्मं. निम्मं ठेवलं.

रविवारी तांबडा रंग ओढलेला डोंगर टेम्पोतनं गचके खात गडावर गेला आनि उभा राह्यला. पावणं दरवाज्याचं फोटो काढाय लागली, ते बगून कृष्णातचं पित्त खवळलं. तेवढ्यात त्यातला एक वाकून म्हणाला, "हा जांभा कुणी केलाय हो? हुबेहूब!"

सरांनी कृष्णातकडं बगितलं.

‘मी’ म्हटलं आसतं तर मोहित काय बी बोलला नसता, स्वभावानं गरीब हाय ते.

"ह्यानं," कृष्णातनं हनवटीनं मोहित दाखवला. "आनि पडू दिला न्हाय, ते म्या."